विश्लेषण : महाड-पोलादपूरची भातखाचरे ओस का पडताहेत? गावात राहून जगण्याचे मार्ग कोणते?

गणपतीत आणि शिमग्याला महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये गाडी उभी करायला जागा नसते. पालखी नाचते, अंगणात मांडव पडतो, मुंबई-ठाण्याहून आलेली मुले ओहोळावर धावतात. आठवड्याभराने बहुतेक घरांच्या कड्यांना कुलूप लागते आणि मागे उरतात म्हातारी माणसे, थोडी गुरे आणि गवताने भरलेली खाचरे. रायगड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला पाऊस भरपूर, जमीन कसदार, मुंबई चार-पाच तासांवर. तरीही शेती का सुटते आहे? जो तरुण गावात राहू पाहतो त्याच्या वाटेत नेमके काय आडवे येते?

नेमके काय घडते आहे?

रायगड जिल्ह्याचे आकडे पाहिले तर चित्र भरभराटीचे दिसते. २००१मध्ये सुमारे २२ लाख असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २६ लाख ३४ हजारांवर गेली. पण ही वाढ मुख्यत: पनवेल, उरण, खालापूर अशा मुंबईला चिकटलेल्या तालुक्यांतली. शेजारच्या रत्नागिरीत आणि त्यापुढील सिंधुदुर्गात त्याच दशकात लोकसंख्या घटली. महाड आणि पोलादपूरमधील डोंगराळ गावांचे जगणे पनवेलपेक्षा रत्नागिरीच्या गावांशी अधिक जुळणारे आहे. मात्र कागदावर ती रायगडात मोडतात आणि जिल्ह्याच्या सरासरीत त्यांची अडचण झाकली जाते.

गावात फिरले की ही अडचण दिसते. रस्त्यालगतची सखल खाचरे अजून लावली जातात. वरच्या अंगाची, चढून जावे लागते अशी खाचरे आधी सुटतात. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकायची, ती तर बहुतेक ठिकाणी बंदच झाली आहे. शेजारचे खाचर पडीक पडले की तिथल्या झुडपांत रानडुकरांना आसरा मिळतो. मग ज्याने हट्टाने लावणी केली त्याचेही पीक उरत नाही. एकाने शेती सोडली की दुसऱ्याची शेती महाग होते, हे या भागातील पडीक जमिनीचे मोठे कारण आहे.

गाव मुंबईवर कसे विसंबले?

ही आजची गोष्ट नाही. कुलाबा जिल्ह्यात (आताचा रायगड) आणि रत्नागिरीत खोती पद्धत होती. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची. त्याबदल्यात कुळाकडून पिकाचा मोठा वाटा तो घेई. वर्षभर राबून कुळाच्या घरात पावसाळ्यापुरतेही भात उरत नसे. त्यामुळे घरातील एक-दोन पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा घरकामाला जायचे आणि बायका शेती सांभाळायच्या. लष्कर ही दुसरी वाट होती. महाड तालुक्यातील आंबवडे गाव तर पिढ्यानपिढ्या सैन्यात गेलेल्या माणसांमुळे ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखले जाते.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९च्या कायद्याने. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा ‘कृषक दिन’ यांमुळे कसणाऱ्याचे नाव जमिनीला लागले.

जमीन मिळाली, पण ती तुकड्यांत. एक खाचर ओढ्याकाठी, दुसरे गावाच्या टोकाला, तिसरे डोंगरावर. त्यावर कुटुंब भागत नसल्याने मुंबईची वाट बंद झाली नाही. मनीऑर्डर येत राहिली आणि शेती घरच्या तांदळापुरती उरली. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईची बाजूही कमकुवत झाली. कायम नोकरी, फंड आणि निवृत्तीनंतर गावी परतणे हा जुना क्रम मोडला. आज वसई-विरार, डोंबिवली, नवी मुंबईत राहणारी पिढी बरीचशी कंत्राटी कामावर आहे. तिथले घरभाडे भागवून गावी पैसे पाठवणे तिला जड जाते.

भातशेतीचा हिशेब का जुळत नाही?

समजा, एका कुटुंबाने २० गुंठे भात लावले आणि सहा क्विंटल उत्पन्न निघाले. २०२५-२६च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे पिकाची किंमत १४,२१४ रुपये. राब भाजणे, पेरणी, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी या सगळ्याला मिळून २५ माणसांचे दिवस लागले असे धरू. रोजगार हमीचा त्या वर्षीचा ३१२ रुपयांचा दर लावला तरी मजुरी ७,८०० रुपये होते. प्रत्यक्षात त्या दराने लावणीला माणूस मिळत नाही. पॉवर टिलरचे भाडे, बियाणे आणि खत यांवर तीन-चार हजार गेले की चार महिन्यांच्या कष्टांतून हाती उरतात अडीच-तीन हजार रुपये. ऑक्टोबरमध्ये कापणीच्या वेळी पाऊस कोसळला तर तेही नाहीत.

हे भात सहसा विकले जात नाही, घरीच खाल्ले जाते. सहा क्विंटल भातापासून साधारण चार क्विंटल तांदूळ मिळतो. दुसरीकडे, अन्न सुरक्षा योजनेतील प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते, तेही जानेवारी २०२३पासून मोफत. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला तीन क्विंटल धान्य असे घरबसल्या येते. गरिबाच्या पोटाला हा मोठा आधार आहे आणि तो असायलाच हवा. पण ‘घरचा तांदूळ व्हावा म्हणून तरी लावू’ हे शेती टिकवणारे शेवटचे कारणही त्यामुळे सैल झाले आहे.

घरची माणसे असतील तर मजुरीचा खर्च वाचतो. मात्र लावणीची गरज जुलैच्या मोजक्या दिवसांत असते आणि नेमके तेव्हा घरात दोन म्हातारी माणसे असतात. पूर्वी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर जाऊन लावणी उरकायची. आळीतली दहा घरे बंद झाल्यावर हा व्यवहार चालत नाही.

एवढा पाऊस, तरी टंचाई का?

या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूर आणि महाडच्या वाड्यांना टँकर लागतात. कारण भूगोलात आहे. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. सुमारे शंभर किलोमीटरचाच हा प्रवास, त्यातही सुरुवातीचा उतार अत्यंत तीव्र. डोंगरावर मातीचा थर पातळ आणि खाली कठीण काळा कातळ. पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. भरतीच्या वेळी पावसाचा जोर आला की तेच पाणी महाड शहरात शिरते. जुलैत पूर आणि एप्रिलमध्ये टँकर, दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात.

घरोघरी नळ देणारी जलजीवन मिशन योजना २०१९पासून राबवली जात आहे. पण ज्या वाडीची विहीर किंवा झरा मार्चमध्येच आटतो, तिथे नळ बसवून पाणी येत नाही. शेतीचे तर नावच नको. भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, पावटा किंवा हरभरा घेतला जातो. त्यानंतर जूनपर्यंत खाचर रिकामे. वर्षातले सहा-सात महिने शेतात काम नसेल तर तरुण गावात राहील कसा?

जावा बेटावरील भातगावे काय सांगतात?

भात, ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेली माती आणि तुकड्या-तुकड्यांची जमीन हे सगळे इंडोनेशियाच्या जावा बेटावरही आहे. तिथला शेतकरीही बहुधा अर्धा-एक एकराचाच धनी. फरक पाण्याचा. डोंगरउतारावरून पाटांनी आणलेल्या पाण्यावर जावातील अनेक गावांत वर्षाला दोन, काही ठिकाणी तीन पिके निघतात. लोकसंख्या वाढली तरी तेच खाचर अधिकाधिक हातांना काम देत राहिले. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३मध्ये यावर गाजलेला ग्रंथ लिहिला. माणसे शेतात सामावली गेली, पण माणशी उत्पन्न फारसे वाढले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे बराच वाद झाला.

आज तिथलेही तरुण जकार्ताला जातात आणि ईदला लाखोंच्या संख्येने गावी परततात. आपल्याकडच्या गणपतीच्या गर्दीसारखीच ती गर्दी. २०१४च्या ग्राम कायद्यानंतर इंडोनेशियाने केंद्राचा निधी थेट गावांना द्यायला सुरुवात केली. तरी शेतीतला माणूस म्हातारा होतो आहे ही चिंता तिथेही आहे. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पाणी असेल तर लहान तुकडाही माणसाला वर्षभर काम देतो. पण नुसते काम पुरत नाही, त्यातून रोख पैसा मिळाला तरच तरुण टिकतो.

सातबारा अडथळा कसा ठरतो?

गावात राहणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण अनेकदा तलाठ्याच्या दप्तरात असते. समजा, १९५७नंतर आजोबांच्या नावे दोन एकर जमीन झाली. त्यांच्या मुला-मुलींचे वारस लागत लागत आज सातबारावर १४ नावे आहेत. त्यांपैकी गावात राहतो एकच. बाकीचे नालासोपारा, पुणे, सुरत अशा ठिकाणी. काहींचे पत्तेही ठाऊक नाहीत, काही वारले आहेत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही.

आता गावातल्या एकाला फळबाग लावायची आहे. राज्यात १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आहे, २०१८पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. विहीर, शेततळे यांनाही अनुदान मिळते. पण सामाईक खाते असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. तेरा सह्या गोळा करण्यात दोन पावसाळे जातात. एकाने जरी ‘उद्या जमीन तुझ्याच नावावर होईल’ अशी शंका घेतली की अर्ज तिथेच थांबतो.

मग वाटप का करत नाहीत? जमीन महसूल संहितेच्या कलम ८५नुसार सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटप होऊ शकते. अशा वाटपपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णयही राज्य सरकारने २०२५मध्ये घेतला. पण दोन एकर म्हणजे ८० गुंठे. १४ जणांत वाटले तर माणशी सहा गुंठेही येत नाहीत. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याखाली जिरायतीसाठी किमान क्षेत्र २०२३मध्ये २० गुंठ्यांवर आणले गेले, तरी हे तुकडे त्यात बसत नाहीत.

कसायला देण्याचीही भीती आहे. जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर तो कूळ लावेल, ही धास्ती कूळ कायद्यापासून घराघरांत मुरली आहे. त्यामुळे मुंबईचा मालक जमीन पडीक ठेवील, पण शेजाऱ्याला लेखी देणार नाही. नीती आयोगाने २०१६मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला होता. मालकी सुरक्षित राहील आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळेल, असा त्याचा गाभा. कोकणाइतकी या व्यवस्थेची गरज क्वचितच कुठे असेल.

यात सर्वांत मागे राहते ती शेतात राबणारी बाई. नवरा मुंबईत, सासऱ्याच्या नावे सातबारा. पेरणीपासून झोडणीपर्यंत सगळे तीच करते, पण कागदावर ती शेतकरी नाही. आता योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तोही सातबारावर नाव असणाऱ्यालाच मिळतो.

ज्यांना सातबाराच नाही अशी कातकरी कुटुंबेही याच गावांच्या कडेला राहतात. लावणी-कापणीला गावाला त्यांचाच हात लागतो. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला परमुलखात जातात आणि मुलांची शाळा तुटते. गावाच्या भवितव्याची चर्चा जमीनदारांपुरती ठेवली तर हा निम्मा प्रश्न सुटून जातो.

दरडींनी काय बदलले?

२००५च्या जुलैत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून सुमारे दोनशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावातील वाडी गाडली गेली. ८०हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही बळी गेले. तळीयेच्या पुनर्वसनासाठी घरे बांधण्याचे काम म्हाडाकडे देण्यात आले. ते पूर्ण होण्याची वाट ग्रामस्थांना वर्षानुवर्षे पाहावी लागली.

आता दर पावसाळ्यात डोंगरपायथ्याच्या वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा येतात. लोक शाळेत किंवा समाजमंदिरात रात्री काढतात. कायमचे हलायला ते लगेच तयार होत नाहीत, त्याला कारण आहे. नवे घर रस्त्याकाठी मिळाले तरी गोठा, पेंढ्याची जागा आणि खाचर जुन्या जागी राहते. तीन-चार किलोमीटर चढून कोण रोज शेत करणार? पुनर्वसनात घराबरोबर गुरांची आणि शेताच्या वाटेची सोय झाली नाही तर जीव वाचतो, पण शेती सुटते.

कारखाने, महामार्ग आणि रायगड किती रोजगार देतात?

महाडची औद्योगिक वसाहत हा या भागातील मोठा आधार. बिरवाडीच्या आसपासच्या गावांतील मुले दुचाकीवरून पाळीला जातात, रविवारी शेतात उतरतात. ज्या गावांतून रोज कारखान्यात जाऊन-येऊन करता येते तिथे घरे उघडी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे. मात्र ही वसाहत मुख्यत: रसायनांची. सांडपाण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये एका औषध कंपनीतील स्फोट आणि आगीत ११ कामगारांचा मृत्यू झाला. पोलादपूरच्या आतल्या खोऱ्यांना तर ही वसाहतही लांब पडते.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रखडले. कशेडीचा बोगदा झाल्याने घाटाचा फेरा वाचला. चांगल्या रस्त्याचे दोन्ही परिणाम होतात. गावी येणे सोपे होते आणि जमिनीला बाहेरचे गिऱ्हाईकही येते. सामाईक जमिनीला कंटाळलेले वारस मग एकगठ्ठा विक्रीला तयार होतात. शेतीसाठी न मिळालेल्या सह्या विक्रीसाठी आठवड्यात जमतात, हा अनेक गावांचा अनुभव.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात रायगड आहे. पाचाड परिसरात जेवण, निवास, वाहतूक यांतून पैसा येतो. शिवथरघळ, तानाजी मालुसरे यांचे उमरठ ही ठिकाणेही याच दोन तालुक्यांतली. पण पर्यटन सुट्ट्यांपुरते आणि ठरावीक गावांपुरते. जोडधंदा म्हणून ते चांगले, सगळ्या खोऱ्याचे पोट त्यावर चालणार नाही.

शेतीत कोणते पर्याय हाताशी आहेत?

पहिला, लावणीच टाळणे. कर्जत तालुक्यातील नेरळचे शेतकरी शेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस तंत्र’ म्हणजे एसआरटी विकसित केले. यात एकदा गादीवाफे केले की चिखलणी, राब आणि लावणी लागत नाही. टोकणी करून भात घ्यायचे आणि कापणीनंतर त्याच वाफ्यावर नांगरट न करता वाल किंवा भाजी घ्यायची. मजुरांचा प्रश्न असलेल्या गावात याचा थेट उपयोग आहे. अडचण तणांची. पहिली दोन-तीन वर्षे त्यावर लक्ष ठेवावे लागते. शिकवणारा माणूस बांधावर हवा.

दुसरा, पाणी अडवून डिसेंबरचे मार्चपर्यंत नेणे. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा एका दिवसाच्या श्रमदानात उभा राहतो. तो घालायचा तो ओढा वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. फळझाडांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुचवलेले प्लास्टिक अंथरलेले छोटे जलकुंड उतारावरही करता येते. आंबा, काजूच्या कलमांना पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत थोडे पाणी मिळाले की बाग जगते. वाडीचा झरा जिथून भरतो तो माथ्यावरचा भाग ओळखून तिथे चर खणणे आणि झाडोरा राखणे, हे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरपेक्षा टिकाऊ काम आहे.

तिसरा, रोखीचे छोटे पीक. कडवे वाल, पावटा, कारली-काकडी, उन्हाळी कलिंगड यांना महाड, पोलादपूरची बाजारपेठ आणि महामार्गावरचे गिऱ्हाईक आहे. जिथे बारमाही नाही, पण फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे, तिथेही एक जास्तीचे पीक निघू शकते. कुंपण मात्र एकट्याच्या खाचराला परवडत नाही. सलग दहा-वीस एकरांना मिळून कुंपण घातले तरच रानडुक्कर-माकडांपुढे टिकाव लागतो.

पुढे काय?

वरचे सगळे पर्याय एका अटीवर अवलंबून आहेत. बंधारा, कुंपण, यंत्र यांना सलग जमीन लागते आणि सलग जमिनीला मुंबईकरांची संमती. इथे गावोगावच्या मुंबई मंडळांचे महत्त्व आहे. देऊळ बांधण्यासाठी वर्गणी गोळा करण्याचे त्यांचे कसब वादातीत. त्याच मंडळाने गणपतीच्या सुट्टीत एक दिवस काढून वारसनोंदी पूर्ण केल्या, गावात कसणाऱ्याला पाच-सात वर्षांसाठी लेखी संमती दिली, तर सरकारी अनुदानाची बंद वाट उघडते. महसूल खात्याने त्या आठवड्यात गावातच शिबिर लावले, तर सगळे वारस एका ठिकाणी सापडतील. वर्षातून दोनदाच ते शक्य होते.

पूर्वीसारखे सगळे गाव परतेल असे कोणी मानत नाही. प्रत्येक वाडीत पाच-सहा तरुण घरे वर्षभर चुली पेटवून राहिली, तर बंधारा घालायला हात मिळतील, शाळेचा पट टिकेल आणि रात्री-अपरात्री दरडीचा आवाज आला तर म्हाताऱ्यांना बाहेर काढायला कोणी असेल. २०पेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा विचार राज्याने २०२३मध्ये पुढे आणला होता. शाळा गेली की राहिलेले तरुण कुटुंबही महाडला किंवा मुंबईला खोली घेते. म्हणून हा प्रश्न फार काळ लांबवता येणारा नाही. येत्या गणपतीत गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे नाव कुठल्या ना कुठल्या सातबारावर आहे. ती सही कुठे होते, कसणाऱ्याच्या संमतीपत्रावर की विक्रीच्या कागदावर, यावर या खाचरांचे पुढचे बरेच काही ठरेल.